सिसेरोच्या पद्धतीने भाषण कसं तयार करावं: कामांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

भाषणाची तयारी करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिलं वाक्य शोधत बसतो. एखादी कवितेची ओळ, एखादा सुविचार, एखादा शेर. तास दोन तास त्यात जातात आणि हाती लागतं ते कुठल्याही भाषणाच्या तोंडी बसेल असं काहीतरी. प्राचीन रोमचा वक्ता आणि वकील सिसेरो याने 'दे ओरातोरे' या संवादात (इ.स.पू. 55) अँटोनियस या जुन्या वक्त्याच्या तोंडून याचं कारण सांगितलंय. बाकी सगळं ठरल्यावर, अगदी शेवटी मी सुरुवातीचा विचार करतो, असं तो म्हणतो. आधी करायला गेलं की पोकळ, किरकोळ आणि सगळीकडे चालणारंच सुचतं.

पुढचे टप्पे याच क्रमाने लावले आहेत. भाषणाची पाच कामं: काय बोलायचं ते शोधणं, मांडणं, शब्दांत घालणं, लक्षात ठेवणं आणि सादर करणं. ही कामं एकमेकांत मिसळली की घोळ होतो. मुद्दे सापडायच्या आत वाक्यं सुंदर करायला घेतली, तर त्या वाक्यांच्या मोहापायी चुकीचे मुद्दे टिकून राहतात. मांडणी पक्की व्हायच्या आत पाठांतर सुरू केलं, तर नंतर एक परिच्छेद हलवला तरी सगळं विस्कटतं.

## तयारी

दहा मिनिटांच्या भाषणाला पाच दिवस ठेवा: दोन शोधायला, एक मांडायला, एक लिहायला, एक पाठांतराला आणि सरावाला. सोबत कोऱ्या चिठ्ठ्या, एक वही आणि घड्याळ असू द्या. सुरुवातीलाच स्वतःचा वेग मोजा. कुठलाही मराठी मजकूर सभेत बोलल्यासारखा तीन मिनिटं मोठ्याने वाचा, शब्द मोजा आणि तीनने भागा. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, लेखनाच्या वेळी लागेल.

सावधान: 'दे इन्वेन्सिओने' हे सिसेरोचं तरुणपणीचं पुस्तक. पुढे त्याने स्वतःच त्याला कच्चं म्हटलं, तरी तपासण्यांसाठी ते फार उपयोगी आहे. 'हेरेनियससाठीचं वक्तृत्वशास्त्र' मात्र त्याचं नाही. शतकानुशतकं त्याच्या नावावर खपलं, म्हणून अजूनही त्यातली वाक्यं सिसेरोची म्हणून दिली जातात. तुम्ही देऊ नका.

## टप्पा 1: प्रकरण आतून समजून घ्या

अँटोनियसची रीत इथे जशीच्या तशी उचलावी. अशील आला की तो त्याच्याशी एकट्याने बोलायचा, तिसऱ्या माणसाला बसू द्यायचा नाही, म्हणजे अशील मोकळेपणाने बोलेल. मग मुद्दाम विरुद्ध बाजू घेऊन त्याच्याशी वाद घालायचा. समोरच्याला आपली बाजू लढवावी लागते तेव्हा त्याच्या मनातलं सगळं बाहेर येतं. अशील गेल्यावर तो तीन भूमिका आळीपाळीने घ्यायचा: आपली, प्रतिपक्षाची आणि न्यायाधीशाची.

घरी हे करायला तीन खुर्च्या पुरतात. प्रत्येक खुर्चीवर बसून पाच पाच मिनिटं मोठ्याने बोला आणि उठल्यावर लगेच टिपून घ्या. नुसतं मनात बोललेलं चालत नाही. मनातल्या मनात आपण प्रतिपक्षाला फार दुबळं करून टाकतो.

माहिती गोळा करायला प्रत्यक्ष जागेवर जावं लागलं तर जा. सिसिलीचा भ्रष्ट राज्यपाल व्हेरेस याच्याविरुद्धच्या खटल्यासाठी सिसेरोने पुराव्याकरता 110 दिवस मागून घेतले आणि सगळं सिसिली 50 दिवसांत पालथं घातलं. पुढे इ.स.पू. 70 च्या ऑगस्टमध्ये प्रतिपक्ष खटला सणांच्या सुट्ट्यांपलीकडे रेटू पाहत होता. तेव्हा त्याने लांबलचक भाषणच सोडून दिलं आणि थेट साक्षीदार उभे केले. तयारी मजबूत होती म्हणूनच भाषण कापता आलं.

तपासणी: प्रतिपक्षाची बाजू दोन मिनिटं अशी मांडून बघा की त्या बाजूचा माणूस 'हो, हेच म्हणायचंय मला' म्हणेल. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: वाद नेमका कुठे अडलाय ते शोधा

सगळ्यात जास्त भाषणं वाया जातात ती इथे. वक्ता जोरात बोलतो, मुद्देही खरे असतात, पण वाद दुसऱ्याच प्रश्नावर असतो. 'दे इन्वेन्सिओने'त चार जागा दिल्या आहेत:

1. झालं का? घटना घडली की नाही, आणि कुणी केली.
2. झालं ते काय म्हणायचं? त्यातलंच उदाहरण: खासगी घरातून देवळाची वस्तू चोरली, तर तो चोर की देवद्रव्याचा अपहार करणारा?
3. झालं ते कसं होतं? योग्य की अयोग्य, माफ करण्याजोगं की नाही.
4. हे इथे, आत्ता, यांच्यापुढे चालावं का? म्हणजे अधिकाराचा आणि रीतीचा प्रश्न.

हाउसिंग सोसायटीच्या सभेतलं एकच भांडण घेतलं तरी चारही दिसतात. गच्चीवर खर्च खरंच झाला का? झाला तर ती दुरुस्ती म्हणायची की नूतनीकरण? त्या वेळी तो करणं योग्य होतं का? आणि हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर आहे का? यातल्या दुसऱ्या प्रश्नावर सभा अडलेली असताना एखाद्याने 'पावसाळ्यात गच्ची गळत होती' यावर दहा मिनिटं बोलणं म्हणजे तिसऱ्याचं उत्तर देणं. लोक ऐकून घेतात आणि मत तिथल्या तिथेच राहतं.

सिसेरोच्या दोन खटल्यांत फरक स्वच्छ दिसतो. सेक्स्टस रॉसियसवर (इ.स.पू. 80) बापाच्या खुनाचा आरोप होता आणि खून त्याने केलाच नाही ही बाजू होती, म्हणजे पहिला प्रश्न. मिलोच्या खटल्यात (इ.स.पू. 52) त्याचा राजकीय वैरी क्लोडियस मिलोच्या माणसांकडून मारला गेला हे नाकारण्यात अर्थ नव्हता. म्हणून बाजू तिसऱ्या प्रश्नावर नेली: दबा क्लोडियसने धरला होता, हा बचाव होता.

चूक: चारही प्रश्नांवर थोडं थोडं बोलणं. 'मी केलं नाही, आणि केलं असेल तर बरोबरच केलं' असं ऐकल्यावर श्रोता पहिल्या भागावरचा विश्वास काढून घेतो. एक जागा निवडा आणि प्रश्नाच्या रूपात एका ओळीत लिहून भिंतीवर लावा.

## टप्पा 3: मुद्दे गोळा करा, मग वजन करा

आता चिठ्ठ्या काढा. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. माणसाबद्दल काय सांगता येईल, कृत्याबद्दल काय: कुठे, केव्हा, कशाने, कुणाच्या मदतीने, आधी काय झालं, नंतर काय झालं. घटनेचा वाद असेल तर 'फायदा कुणाचा झाला?' हा प्रश्न विसरू नका. हा प्रश्न सिसेरोचा म्हणून सांगतात, पण तो स्वतः त्याचं श्रेय लुसियस कॅसियस या न्यायाधीशाला देतो.

पंचवीस-तीस चिठ्ठ्या झाल्या की थांबा. मुद्दे मी मोजत नाही, तोलतो, असं अँटोनियस म्हणतो. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: भक्कम, मध्यम, लंगडे. लंगडा गठ्ठा उचलून टाकून द्या. लंगडा मुद्दा निरुपद्रवी वाटतो, पण प्रतिपक्ष नेमका तोच पकडतो आणि तो मोडला की भक्कम मुद्देही मोडल्यासारखे दिसतात. वक्त्याने आधी आपल्याच बाजूचं नुकसान करू नये, याची अँटोनियसला फार काळजी आहे.

उरलेल्यांचा क्रम असा: एक भक्कम मुद्दा सगळ्यात आधी, सगळ्यात भक्कम तो शेवटासाठी राखून, मध्यम मुद्दे मधे घोळक्याने. चढत्या क्रमाने मांडायची सवय अनेकांना असते. ती सोडा. पहिला मुद्दा कमजोर निघाला की श्रोता मनातून बाहेर पडतो.

तपासणी: दहा मिनिटांसाठी तीन ते चार मुद्दे पुरतात. सहा उरले असतील तर वजन नीट केलेलं नाही.

## टप्पा 4: सहा भागांत मांडा

'दे इन्वेन्सिओने'तले भाग: प्रास्ताविक, हकिकत, विभागणी, मंडन, खंडन, समारोप. दहा मिनिटांची वाटणी आमच्या अंदाजाने अशी बसते: प्रास्ताविक 1 मिनिट, हकिकत 2, विभागणी अर्धा, मंडन 4, खंडन दीड, समारोप 1. प्रास्ताविकाची जागा तूर्त रिकामी ठेवा.

हकिकत. नियम तीन: थोडक्यात, स्पष्ट, पटण्याजोगी. पण सिसेरोचं कसब नियमांपलीकडे आहे आणि ते जवळून बघायला हवं. रॉसियसच्या भाषणात तो सांगतो: थोरला रॉसियस रोममध्ये, रात्री जेवणाहून परतताना, पॅलासिनाच्या स्नानगृहांजवळ मारला गेला. मुलगा तेव्हा अमेरिया या आपल्या गावी, शेतावर. रात्रीचा पहिला तास उलटल्यावर हे घडलं, आणि पहाट फुटते न फुटते तोच बातमी अमेरियात हजर. मॅलियस ग्लॉसिया नावाच्या माणसाने हलक्या गाड्यांतून रात्रीच्या दहा तासांत 56 रोमन मैल तोडले. बातमी नेली कुठे? मयताच्या मुलाकडे नाही, मयताच्या वैऱ्याच्या घरी. चार दिवसांत ती रोमचा हुकूमशहा सुल्ला याच्या छावणीत, त्याच्या मर्जीतल्या क्रिसोगोनसपर्यंत पोचली. मयताची 13 शेतं होती. साठ लाख सेस्टर्सची (रोमन नाणी) ही मालमत्ता दोन हजारांत विकत घेतली गेली.

इथे युक्तिवाद अजून सुरूही झालेला नाही. तास, मैल, गावं, रकमा एवढंच सांगितलंय. तरी ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो: इतकी घाई कुणाला होती? पुढे मंडनात जे सिद्ध करायचंय त्याचं बी हकिकतीत असं पेरून ठेवावं.

मिलोच्या हकिकतीत तेच काम एक साधा तपशील करतो. मिलो सिनेट उठेपर्यंत बसला, घरी आला, जोडे आणि कपडे बदलले, आणि बायकोची तयारी होईपर्यंत, नेहमी होतं तसं, थोडा थांबला. खुनाला निघालेला माणूस असा थांबत नाही, हे वाक्य सिसेरोला उच्चारावं लागत नाही.

चुका: हकिकतीत विशेषणं घालणं ('भीषण', 'निर्घृण', 'लज्जास्पद'). विशेषण आलं की श्रोता सावध होतो. दुसरी चूक म्हणजे फार मागून सुरुवात करणं. जिथून कळणं भाग आहे तिथूनच सुरू करा.

विभागणी. आता काय काय सांगणार ते एका वाक्यात. पाँपेला सेनापती नेमण्याच्या बाजूने केलेल्या भाषणात (इ.स.पू. 66) सिसेरो तीन भाग सांगतो: युद्धाचं स्वरूप, त्याचा आवाका, सेनापतीची निवड. एकही शब्द जास्त नाही. भाग एकमेकांत शिरता कामा नयेत. 'शिक्षण, शाळा आणि शिक्षक' ही विभागणी नाही, कारण पहिल्यातच बाकीचे दोन बसतात. आणि तीन सांगून चौथा बोलू नका.

मंडन आणि खंडन. मंडन म्हणजे वरच्या चिठ्ठ्या. खंडनाला चार वाटा आहेत: समोरच्याचं गृहीतक मान्य न करणं, गृहीतक मान्य करून त्यावरून काढलेला निष्कर्ष नाकारणं, युक्तिवादाची जातच सदोष आहे हे दाखवणं, किंवा तितकाच अथवा जास्त वजनाचा दुसरा मुद्दा समोर ठेवणं. प्रत्येक आक्षेपासाठी यातली एकच वाट धरा. नुसतं 'हे हास्यास्पद आहे' म्हणणं या चारात कुठेच बसत नाही.

समारोप. मुद्द्यांची उजळणी, मग लागेल तसा संताप किंवा करुणा. करुणा आखूड ठेवा. अपोलोनियस या वक्तृत्वशिक्षकाचं वचन सिसेरो देतो: अश्रूइतकं लवकर काहीच सुकत नाही.

## टप्पा 5: आता लिहा

लेखणी ही बोलण्याची सर्वोत्तम शिक्षिका, असं 'दे ओरातोरे'तला दुसरा वक्ता क्रॅसस याचं म्हणणं आहे. लिहून सराव केलेला माणूस कागदाबाहेर गेला तरी बोलणं त्याच वेगात चालतं, वल्ही थांबल्यावरही नाव पुढे जाते तसं. पूर्ण भाषण एकदा शब्दन् शब्द लिहा आणि शब्दसंख्या तुमच्या मोजलेल्या वेगाशी ताडून बघा. जास्त भरली तर मध्यम मुद्दा कापा. हकिकतीतला तपशील कापू नका.

शैलीसाठी सिसेरोच्या 'ओरातोर' या पुस्तकातलं (इ.स.पू. 46) सूत्र: पटवताना साधी शैली, रंजवताना मध्यम, हलवताना जोरकस. भाषणभर एकाच पट्टीत राहणं ही स्पर्धांतली नेहमीची चूक आहे. पहिल्या मिनिटापासून गर्जना केली की शेवटी वर चढायला जागा उरत नाही.

वाक्याच्या शेवटाकडे मराठी माणसाने खास लक्ष द्यावं. लॅटिनमध्येही क्रियापद बहुधा शेवटी येतं आणि सिसेरो त्याचा उपयोग करतो: लांब वाक्य ताणून धरायचं आणि अर्थ शेवटच्या शब्दावर सोडायचा. हे मराठीत सहज जमतं. पण आपल्या वाक्यांच्या शेवटी 'आहे, आहे, आहे' अशी रांग लागते आणि ताण विरून जातो. लिहिलेल्या प्रत्येक पानावर वाक्यांचे शेवटचे शब्द अधोरेखित करा. लागोपाठ तीन सारखे आले तर मधलं वाक्य फिरवा: प्रश्न करा, क्रियापद आधी आणा किंवा नामावर संपवा.

सावधान: सिसेरोच्या लकबींची नक्कल करू नका. 'एस्से विदेआतुर' ('असल्याचं दिसावं') हा त्याचा आवडता वाक्यान्त. तो शेवटी चिकटवला की आपण सिसेरोसारखे झालो असं मानणाऱ्यांबद्दल रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियनने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय.

## टप्पा 6: प्रास्ताविक, सगळ्यात शेवटी

काम तीन: श्रोत्याची सदिच्छा मिळवणं, त्याचं लक्ष वेधणं, त्याला समजून घ्यायला तयार करणं. श्रोते अनुकूल असतील तर सरळ सुरुवात. विरोधात असतील, आधीच्या वक्त्याने भारून टाकले असतील किंवा ऐकून थकले असतील तर आडवाटेने शिरा: त्यांना न पटणाऱ्या माणसाऐवजी किंवा गोष्टीऐवजी त्यांना मान्य असलेल्यापासून सुरू करा.

लिहून झाल्यावर 'दे इन्वेन्सिओने'तल्या दोषांवर घासून बघा:

- हे अनेक भाषणांना चालेल का?
- प्रतिपक्षही हेच वापरू शकेल का?
- थोडा फेरफार करून तो तुमच्यावरच उलटवू शकेल का?
- लांबलंय का?
- पुढच्या भाषणाला सांधलेलं नाही, सुटं पडलंय का?
- प्रसंगाला हवी त्यापेक्षा वेगळीच भावना जागवतंय का?

एकाचंही उत्तर 'हो' आलं तर पुन्हा लिहा. सुविचाराने केलेल्या बहुतेक सुरुवाती पहिल्याच प्रश्नावर पडतात.

'आणखी किती दिवस, कॅटिलिना, आमच्या सहनशीलतेचा अंत पाहणार?' ही इ.स.पू. 63 मधली सुरुवात बघून बरेच जण पहिल्याच वाक्यात तोफ डागतात. ती तिथे चालली, कारण सिनेटला कॅटिलिनाच्या कटाचं सगळं प्रकरण ठाऊक होतं आणि कॅटिलिना समोर बसलेला होता. सदिच्छा मागायची, विषय समजवायचा काही कारणच नव्हतं. तुमच्या सभेत असं असेल तरच तशी सुरुवात करा.

## टप्पा 7: लक्षात ठेवणं

जागा आणि चित्रं ही रीत. स्वतःचं घर घ्या, फाटकापासून मागच्या दारापर्यंत ठरलेल्या वाटेवर आठ-दहा जागा पक्क्या करा, आणि प्रत्येक जागी एका मुद्द्याचं ठसठशीत चित्र ठेवा. रॉसियसच्या खटल्यासाठी फाटकाशी घामाघूम घोडा जुंपलेली गाडी, दिवाणखान्यात शेताच्या 13 कागदांचा ढीग. 'हेरेनियस' पुस्तकात जागांमधलं अंतर साधारण तीस फूट ठेवा आणि दर पाचव्या जागेवर खूण करा असं सांगितलंय, पाचवीवर सोन्याचा हात वगैरे. एवढ्या अंतराला घर अपुरं पडेल, पण दोन चित्रं एकाच कोपऱ्यात नकोत हे पाळा. खूण मात्र कराच. मधेच अडलात तर कितव्या जागी आहात ते कळतं.

चूक: शब्दागणिक चित्र ठेवणं. वक्त्याला गोष्टींची स्मृती लागते, शब्दांची नाही, हे सिसेरोने स्पष्ट म्हटलंय. पाठ फक्त पहिलं वाक्य, विभागणी आणि शेवटची दोन वाक्यं करा.

## टप्पा 8: आवाज आणि अंग

तरुण सिसेरो अंगाने बारीक, मान लांब आणि सडपातळ. तो अख्खं भाषण चढ्या आवाजात, सगळं शरीर ताणून करायचा. वकिली सोडा, असं वैद्यांनी आणि मित्रांनी सांगेपर्यंत वेळ आली, असं तोच 'ब्रुटुस' या आपल्या पुस्तकात लिहितो. इ.स.पू. 79 मध्ये तो ग्रीस आणि आशिया मायनरला गेला. ऱ्होड्सला मोलोन या वक्तृत्वशिक्षकाने त्याचा अतिरेक आवरला. दोन वर्षांनी परतला तेव्हा आवाजातला ताण गेलेला होता.

म्हणून सुरुवात आपल्या बोलण्याच्या पट्टीपेक्षा किंचित खाली करा आणि टप्प्याटप्प्याने चढा. मंडनाच्या शेवटी वर, खंडनात पुन्हा खाली, समारोपात हवं तिथे. हातवारे शब्दांचा अभिनय करणारे नकोत: 'आकाश' म्हटलं की वर बोट, 'हृदय' म्हटलं की छातीवर हात, हे रंगभूमीवर ठेवा. चेहऱ्यावर सगळं अवलंबून आहे आणि चेहऱ्यावर डोळ्यांची सत्ता चालते, असं 'दे ओरातोरे' सांगतं. कागदात डोळे घातले की ही सत्ता गेली.

सराव तीनदा: एकदा बसून, एकदा उभं राहून घड्याळ लावून, एकदा शक्यतो त्याच सभागृहात. मिलोच्या खटल्यात फोरमभोवती (रोमचा मुख्य चौक) सैनिक उभे होते, बाजू मांडायला तीन तास होते, आणि सिसेरोला नेहमीच्या ठामपणाने बोलता आलं नाही. मिलो हरला आणि मसिलियाला (आजचं मार्से) हद्दपारीत गेला. आज वाचायला मिळतं ते भाषण नंतर लिहून काढलेलं.

## टप्पा 9: भाषण झाल्यावर

बहुतेक भाषणं आधी बोलली जातात आणि मग लिहिली जातात, असं 'ब्रुटुस'मध्ये म्हटलंय. त्याच रात्री वही उघडा. कुठे लोकांनी मान वर केली, कुठे कुजबुज सुरू झाली, कुठला आक्षेप तुम्ही धरलाच नव्हता, हे आधी टिपा. मग लिहिलेलं भाषण घेऊन बोलताना आपोआप बदललेली वाक्यं त्यात भरा. टाकून दिलेला लंगड्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाही शोधून काढा. त्यातला एखादा मुद्दा सभेत कुणी उचलला असेल तर त्या चिठ्ठीवर खूण करून ठेवा.